आधी रेघा, मग चहा

आमच्या घरात सकाळ सगळ्यात शेवटी यायची. शेजारचे लोक उन्हात उभे राहून दात घासत असायचे आणि आमच्या पुढच्या खोलीत काळोख. पूर्वेच्या खिडकीला इंदूने जाड काळा पडदा लावला होता आणि तो ती कुणाला सरकवू द्यायची नाही. उठायची, तोंडावर पाणी मारायची आणि थेट त्या काळोखात जाऊन मशीनचं बटण दाबायची. खांबावरचा खोका गुरगुरत खाली-वर फिरायचा, भिंतीला चिकटवलेल्या कागदावर बारीक रेघा उमटायच्या. मग ट्यूब लावून ती तो कागद नाकाजवळ धरून बघायची. मी स्वयंपाकघराच्या दारात ताटकळत.

"अगं, चहा."

"थांबा की जरा. आधी रेघा, मग चहा."

रेघा सगळ्या अखंड आल्या तरी बाई खूश व्हायची नाही. कागद चुरगाळायची, "आजचं झालं" म्हणायची आणि मग गॅस पेटवायची. कुठे एखादी रेघ तुटलेली दिसली तर चहा लांबला. मग मीच करून घ्यायचो, आणि तो पातळ झाला म्हणून पुन्हा तिचंच ऐकायचो.

इंदू माझी बायको. गेली. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर जन्म काढला, लिहायची सवय नाही. पण घरात बसवत नाही आणि बाहेर गेलो तर पाय परत घराकडे वळतात, म्हणून कागद पुढे ओढला. देवमाणूस होती, असं लोक येऊन सांगून गेले. तसं काही नव्हतं. कामाची होती, तोंडाची तिखट होती आणि तिच्याबरोबर एका घरात राहायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. ज्यांनी तिला बघितलं नाही त्यांना ती कशी होती ते कळावं, एवढंच.

आधी मशीनचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. भिंतीवर चित्र छापायचं यंत्र आहे ते. जमिनीवर लांब रूळ टाकायचा, त्यावर माणसापेक्षा उंच खांब उभा राहतो आणि खांबावर एक खोका खाली-वर पळतो. त्या खोक्याच्या पोटात हेड असतं. हेडाला केसाहून बारीक छिद्रं, त्यातून शाई भिंतीवर उडते. बाजूला जांभळा दिवा असतो. त्याचा उजेड पडला की शाई जागच्या जागी घट्ट होते. भिंतीवर मोर काढा, गणपती काढा, ओघळ येत नाही, लगेच हात फिरवा. पण जे त्या दिव्यात आहे तेच उन्हातही आहे. ऊन हेडावर पडलं तर शाई छिद्रातच घट्ट व्हायची. आणि मशीन नुसतं पडून राहिलं तरी शाई तळाला बसते, चिकट होते, छिद्रं बुजतात. हेड पुरतं बुजलं की गेलं. म्हणून रोज सकाळी थोड्या रेघा छापून बघायच्या, कुठलं छिद्र रुसलंय ते कळतं. प्रशांत त्याला नोझल चेक म्हणतो. इंदू रेघा म्हणायची.

प्रशांत आमचा एकुलता एक. नोकरीचं कुठे जमेना तेव्हा त्याने हे मशीन घेतलं. नाशिक रोडला, ओझरकडे, निफाडपर्यंत शाळांच्या, दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या भिंती छापायला लागला. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मशीन आमच्या पुढच्या खोलीत आलं. इंदू तेव्हा शाळेचे गणवेश शिवायची. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "एवढं उंच आणलंस, पंखा कुठे लावू मी?" एवढंच तिचं आणि त्या यंत्राचं नातं होतं.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. माझे जुने पाने, विळी, कोयता, तिचं शिलाई मशीन, सगळं धुऊन-पुसून मांडलं. आता घरात एवढं मोठं यंत्र उभं, त्याला कसं वगळायचं. प्रशांत बाहेर गेला होता. इंदूने खोका उघडला, आतली हेडाची जागा तिला त्याचं कपाळ वाटली, तिथे चिमूटभर हळद आणि वर चिमूटभर कुंकू वाहिलं. झेंडूचं फूल ठेवलं. उदबत्ती ओवाळली. मला म्हणाली, "हात जोडा." मी जोडले.

दुसऱ्या दिवशी लाल रेघ आलीच नाही. पिवळीच्या ठिकऱ्या. प्रशांतने खोका उघडला, आत बोट फिरवलं आणि बोट आमच्यापुढे धरलं. कुंकू. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला आणि म्हणाला, "आई, हेड बदलावं लागेल."

ती जेवली नाही. संध्याकाळी त्याच्यासमोर उभी राहिली. "मी बिघडवलं ना? मग मला शिकव. आजपासून ह्याच्याकडे मी बघते."

"तुला नाही जमायचं ते आई. केमिकल असतं, हातमोजे घालावे लागतात."

"तुझी लंगोटं धुतली तेव्हा कुठे मोजे होते? आता घालते. शिकव."

पुढच्या दसऱ्याला तिने कुंकू लावलं ते रुळाच्या पार टोकाला, दाराजवळ, आणि तेही पाण्यात कालवून. मला म्हणाली, "नमस्कार लांबून करा. देव समजून घेतो, हेड घेत नाही."

शिकायला घेतलं तिथून तिची जी धावपळ सुरू झाली ती थांबलीच नाही. तशी ती आधीही एका जागी टिकणारी नव्हती. जेवताना दोनदा उठायची, झोपेतही पाय हलवायची. पण आता त्या हलण्याला एक धनी मिळाला. शिवणकाम हळूहळू सुटलं. सकाळी रेघा. मग पांढऱ्या शाईची बाटली. पांढरी शाई सगळ्यात जड, रात्रीत तळाला बसते. इंदू ती बाटली दोन्ही हातांत आडवी धरायची आणि घरभर हिंडत हळूहळू डोलवायची. दारात कुणी आलं तर तशीच बाटली डोलवत बोलायची. समोरच्या बाईने एकदा विचारलं, "काकू, नातू झाला काय?"

"नातवाला खाली ठेवता येतं," इंदू म्हणाली. "हिला नाही."

जोरात हलवायची नाही, फेस होतो, फेस हेडात गेला की हवा अडकते. हे तिने मला इतक्यांदा सांगितलं की मी सोडाही हळू ओतायला लागलो.

फडक्यांवरून तर घरात भांडणं. घरातलं मऊ सुती धोतर फाडून मी तिला कौतुकाने दिलं, हेड पुसायला. तिने ते दिव्याखाली धरलं. "ह्याला बघा किती लव आहे. एक तंतू छिद्रात गेला की रेघ गेली. हे तुमच्या चष्म्याला ठेवा." तिची फडकी वेगळी, पाकिटात बंद, लव नसलेली. त्यालाही हेडावर घासू द्यायची नाही. द्रावणात भिजवून नुसतं टेकवायचं, शाई आपोआप ओढली जाते. "तान्ह्या पोराचं नाक पुसतो तसं," म्हणायची. काम संपलं की हेड ज्या रबरी उशीवर टेकतं ती उशी पुसायची, तिच्यावर द्रावणाचे थेंब सोडायचे, मग हेड त्यावर टेकवायचं. रात्री प्रशांत दमून यायचा आणि चप्पल काढायच्या आत हिचा प्रश्न, "ओलं करून झोपवलं का त्याला?" सून आली असती तर पहिल्याच दिवशी माहेरी गेली असती.

पिवळी रेघ पांढऱ्या कागदावर म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही. तिने मिठाईच्या खोक्यावरचा निळा जिलेटिनचा कागद डोळ्यापुढे धरला आणि पिवळी काळी होऊन दिसायला लागली. हे कुणी शिकवलं, तर म्हणे दिवाळीत पोरं त्यातून बघत होती. आणि पांढरी? पांढरीला काळं काहीतरी पाहिजे. तिने माझ्या गुडघ्यांचे जुने एक्स-रे काढले. भिंतीला एक्स-रे चिकटवायचा, त्यावर पांढऱ्या रेघा छापायच्या, बघायच्या. माझे दोन्ही गुडघे असे रेघा मारून मारून संपले.

"पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेलात तर मोठा काढायला सांगा," म्हणाली. "हे लवकर भरतात."

रिटायर झाल्यावर मी खुर्ची धरली होती. गुडघे दुखतात म्हणून बसायचो आणि बसतो म्हणून दुखायचे. इंदू जाता-येता खुर्चीला लाथ मारायची. तिचं एकच वाक्य होतं, मशीनला तेच आणि मला तेच. "बसलं की सुकलं." मला राग यायचा. मी म्हणायचो, मला काय नोझल आहेत काय. ती म्हणायची, "तुमचं तोंड एक चालू आहे, बाकी सगळी बुजली. उठा, रूळ पुसा." मग मी रूळ पुसायचो. रुळावर वाळूचा एक खडा राहिला तर खांब तिथे उडी मारतो आणि चित्रातल्या बाईचं नाक दुभंगतं. कोळशाच्या पट्ट्यावर माझं आयुष्य धूळ बघण्यातच गेलं होतं, पण बायकोच्या हाताखाली धूळ पुसणं वेगळं.

माझी थोरली बहीण आक्का निफाडजवळ गावाला असते. विधवा आहे, घरातली सगळी रीतभात तिच्या तोंडात. एका उन्हाळ्यात राहायला आली. पुढच्या खोलीत पडद्यामुळे गारवा, म्हणून ती परात आणि चाळणी घेऊन तिथे पीठ चाळायला बसली. इंदू आतून आली आणि चाळणी हवेतच धरली.

"आक्का, बाहेर ओट्यावर."

"का गं? माझ्या भावाच्या घरात मला बसायची बंदी?"

"तुम्हाला नाही. पिठाला."

"अन्न आहे ते, इंदू. घाण नाय."

"अन्नच आहे. पण उडतं. आत गेलं की लगदा होतो. तुम्ही बसा इथं, मी चाळून आणते."

आक्का रागाने ओट्यावर जाऊन उन्हात बसली. इंदू तिच्यामागे छत्री घेऊन गेली. आक्का म्हणाली, "तुझ्या मशीनला सावली आणि नणंदेला छत्री." इंदू म्हणाली, "त्यालाही छत्रीच असते, विचारा ह्यांना."

ते खरं होतं. ओझरच्या रस्त्याला एका मंगल कार्यालयाची बाहेरची भिंत छापायची होती. वऱ्हाडाचं चित्र, हत्ती, तुताऱ्या. मालकाला लगीनघाई, त्याच्या इथे दोन दिवसांनी कार्य होतं. प्रशांतने ऊन मागे जाईपर्यंत थांबू म्हटलं, मालक ऐकेना. इंदू त्या दिवशी हट्टाने बरोबर आली होती. तिने आधी भिंतीवर तळहात फिरवला. चुना हाताला लागला, तेव्हा भिंत झाडून पुसून घ्यायला लावली. मग तिने आमची मोठी काळी छत्री उघडली आणि खोक्यावर धरली. खांब जसा रुळावरून सरकेल तशी ती सरकायची. स्वतः उन्हात. डोळ्यावर तो जांभळ्या दिव्यासाठीचा केशरी चष्मा, डोक्यावर पदर, हातात छत्री. मंडपवाले कामं टाकून बघायला लागले.

एक जण म्हणाला, "मावशी, पालखी निघाली काय देवाची?"

"देव उन्हात बुजत नाही बाबा. हे बुजतं. तू तिकडून ताडपत्री धर की जरा, नुसता दात काढतोस ते."

त्याने धरली. दुपारभर धरली. मालकाने शेवटी तिला खुर्ची दिली तर त्या खुर्चीवर तिने शाईच्या बाटल्या ठेवल्या, सावलीत. घरी आली ती मान, हात, सगळं भाजून निघालेलं. मी म्हटलं, एवढं कशाला. ती खोबरेल लावत म्हणाली, "एकदा माझ्या हाताने गेलंय ते. पुन्हा नाही जायचं." त्या दसऱ्याचं कुंकू तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

मग तिला खोकला झाला, ताप राहिला, दवाखान्यात नेलं. छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टर तो उजेडावर धरून आम्हाला काहीतरी समजावत होते आणि मला ती डॉक्टरांकडे न बघता त्या काळ्या कागदाकडे बघताना दिसली. डॉक्टर गेल्यावर दम लागत लागत म्हणाली, "तो टाकू नका. मोठा आहे. पांढरीला होईल."

मी म्हटलं, "गप पड."

दवाखान्यातून ती रोज सकाळी प्रशांतला फोन लावायची. रेघा काढल्या का. फोटो पाठव. पिवळीचा वेगळा पाठव. मग ती फोन डोळ्याशी धरून बघायची, आणि नर्स म्हणायची, आजी नातवाचा फोटो आला का. इंदू मान हलवायची. बोलायला तिला दम पुरत नव्हता. पुढे तिला काचेच्या पलीकडे नेलं, तिथे फोन नेऊ देत नाहीत. आम्ही दोघं बाहेर बाकड्यावर. मशीनचं नाव कुणी काढलं नाही. ती तिथेच गेली.

दसकच्या घाटावर प्रशांतने अग्नी दिला. दुपारी आम्ही परतलो. मी घराच्या दारात पाय धुतले आणि आत बघितलं तर पुढच्या खोलीत लख्ख उजेड. इतक्या वर्षांत मी त्या खोलीची फरशी कधी एवढी उघडी बघितली नव्हती. खिडकी सताड उघडी, काळा पडदा गुंडाळून वर खोचलेला. लोक भेटायला येणार, अंधार नको, म्हणून कुणीतरी केलेलं. मशीनवरचं जाड कापडी आवरण काढून खाली अंथरलं होतं आणि त्यावर बाया बसल्या होत्या. जिथे इंदूला शेवटचं ठेवलं होतं तिथे दिवा. दिव्याशेजारी परातीत पीठ पसरलं होतं, वर टोपली. आमच्यात तसं करतात. गेलेलं माणूस पुढे कुठल्या जन्माला गेलं, त्याची पावलं पिठात उमटतात म्हणतात. आक्का टोपली नीट करत होती, आणि उघड्या खिडकीतून वारा येऊन पीठ कडेने उडत होतं. बाजूला मशीन, अंगावर काही नाही. खिडकीतला उजेड त्याच्या रुळापर्यंत आला होता.

माझं डोकं फिरलं. मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. घाटावर मी रडलो नव्हतो.

"हे पीठ इथून उचला," मी म्हणालो.

आक्का म्हणाली, "अरे, दिव्याजवळच ठेवतात."

"ह्या खोलीत पीठ बघितलं तर ती दारातूनच मागे फिरेल. पाय काय ठेवते. उठा सगळ्या. ते अंथरूण नाही, ते त्याच्या अंगावरचं आहे."

बाया उठल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, धक्का बसलाय त्यांना. मी खुर्चीवर चढून पडदा सोडायला गेलो, गुडघा वळेना, पडदा निम्माच सुटला. प्रशांत ओल्या धोतरात भिंतीला टेकून बसला होता. त्याने वरही बघितलं नाही.

"प्रशांत, रेघा कधी काढल्या होत्यास?"

"आईला आत नेलं तेव्हापासून नाही."

"मग ऊठ."

आक्का मध्ये आली. "कर्ता आहे तो. तेराव्यापर्यंत त्याने कशाला हात लावायचा नाय. सुतकात कुठं यंत्रं चालवतात?"

"तेराव्यापर्यंत हेड मरतं."

"राहू द्या अण्णा," प्रशांत म्हणाला. "गेलं तर गेलं हेड. आई गेली."

"आई गेली ते आपल्या हातात नव्हतं," मी म्हणालो. "हे आहे."

दिव्याची वात वाऱ्याने आडवी होत होती. मी आक्काकडे बघत उभा होतो, भांडायच्या तयारीने. बहीण माझी, तिची जीभ मला माहीत. ती मशीनकडे बघत होती. मग तिने वाकून परात उचलली.

"हे रोज बघायला लागतं का रे?" तिने विचारलं.

"रोज. नाहीतर सुकतं."

"मग ते काम नाय. गोठ्यातल्या जनावराची वैरण सुतकात कुणी बंद करतं का? दूध आपण खायचं नाय, एवढंच. पण पाणी दाखवावंच लागतं." तिने परात स्वयंपाकघरात नेली, गॅसच्या ओट्याखाली ठेवली, दिवा तिकडे आणला. जाताना एका बाईला म्हणाली, "तो पडदा सोडा आधी. हा पडेल खुर्चीवरून, अजून एक दिवा लावायला लागेल." मग मला म्हणाली, "पोराने हात लावायचा नाय. तू लाव."

मला बटणं माहीत होती. इतकी वर्षं चहाची वाट बघत दारात उभा राहिलो, त्यात सगळं बघून झालं होतं. फक्त हात कधी लावला नव्हता. प्रशांत कोपऱ्यातून बोलायला लागला. "अण्णा, आधी हातमोजे. चष्मा घाला. आधी बाटली डोलवा, लगेच चालू नका करू." मी पांढरी बाटली दोन्ही हातांत धरून घरभर हिंडलो. भेटायला आलेले लोक दारात उभे राहिले, मी बाटली डोलवत त्यांना या म्हणालो. त्यांना काय वाटलं असेल ते वाटो.

त्या दिवशी काळी रेघ बरी आली. निळी ठिकठिकाणी तुटलेली, लाल त्याहून वाईट. पांढरी काहीच नाही. मी लव नसलेलं फडकं भिजवून टेकवलं, काढलं, टेकवलं. प्रशांत म्हणाला, "घासू नका." मी म्हटलं, "तुझ्या आईने मला शिकवलंय." ते खोटं होतं, पण तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून जरा हसल्यासारखं हसला.

सकाळी आक्काने टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं, गुळगुळीत, एक बोट उमटलेलं नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आक्का मला म्हणाली, "काहीच नाही आलं."

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो, आणि रेघा काढायला गेलो.

मला झोप लागत नव्हती, गिळवत नव्हतं, एका जागी बसवत नव्हतं. तेव्हा उठायचो आणि काहीतरी पुसायचो. रूळ, दिव्याची काच, रबरी उशी. आक्का म्हणायची, अरे बस की. मी म्हणायचो, बसलं की सुकलं, आणि मग मला तिथून बाहेर जावं लागायचं. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, सगळे हात जोडून उभे राहिले, गुरुजींनी आता मनात असेल ते बोला म्हणायच्या आत कावळा शिवून उडालासुद्धा. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नव्हती. मला तसं वाटलं नाही. थांबायला तिला वेळ कधी होता.

निळी आली. मग लाल आली. पिवळी मी तिच्या निळ्या जिलेटिनमधून बघितली, तीही आली. राहिली पांढरी. पांढरी थोडी थोडी फुटत होती, इथे एक टिंब, तिथे एक, आणि काळ्या पुठ्ठ्यात दिवा पोचायच्या आतच ती शाई मुरायची, नीट वाचता येईना. गुडघ्यांचे एक्स-रे संपले होते. प्रशांत म्हणाला, "बाजारातून काळी फिल्म आणतो उद्या." आता तेरावा झाला होता, त्याला बाहेर पडता येत होतं.

मी कपाटावरचं दवाखान्याचं पिवळं पाकीट काढलं. प्रशांतने ओळखलं.

"अण्णा, ते नको."

"तिने सांगितलं होतं. मोठा आहे म्हणाली."

"तरी नको."

"ती इथे असती तर तूच नको म्हणाला असतास आणि तिने तुझ्या हातातून ओढून घेतला असता." मी तो भिंतीला चिकटवला. चारही कोपरे नीट, कुठे फुगा राहू दिला नाही, तिचा हात फिरायचा तसा हात फिरवून. उजेडात तिची छाती दिसत होती. फासळ्या, मध्ये मण्यांची माळ असावी तसा कणा. आक्का दारात येऊन उभी राहिली.

बाटली डोलवली. चष्मा घातला. बटण दाबलं. खोका गुरगुरला, खाली आला, वर गेला, जांभळा दिवा फासळ्यांवरून फिरला. मी एक्स-रे सोडवला आणि ट्यूबखाली नाकाजवळ धरला. पांढऱ्या रेघा एका बाजूने बघायला सुरुवात केली. घाई केली नाही. डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत, एकेक.

प्रशांत मागे उभा होता. "अण्णा? कुठे तुटली?"

"कुठंच नाही," मी म्हणालो. "आजचं झालं."

आक्काने गॅस पेटवला.